शेजारी शेजारी, तरी वेगळी बेकारी

नायजर हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. तिथला बेरोजगारीचा दर मात्र १ टक्क्याच्याही खाली. त्याला खेटून असलेला अल्जीरिया तेलावर आणि नैसर्गिक वायूवर बसलेला, आणि तिथे हाच दर ११-१२ टक्क्यांच्या घरात. म्हणजे अल्जीरियातले तरुण कामाच्या शोधात वाळवंट तुडवत नायजरला जात असतील? छे! ओघ बरोब्बर उलटा आहे. नायजरची माणसं मजुरीसाठी अल्जीरिया गाठतात.

आकडे खोटे नाहीत, आपण त्यांना भलताच प्रश्न विचारतो. देशात काम किती आहे, हे बेरोजगारीचा दर सांगतो असा आपला समज. खरं तर काम नसताना ते शोधत बसणं कितीजणांना परवडतं आणि त्यांतल्या कितींना सरकार मोजतं, हे तो जास्त सांगतो. शेजारशेजारच्या देशांच्या जोड्या लावल्या की ही गंमत पटकन ध्यानात येते. चला तर, सीमा ओलांडत एक फेरफटका.

१. एक तास? झालात कामकरी!

जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यासपीठावर १९८२ साली ठरलेली व्याख्या आजही बहुतेक देशांच्या मोजणीचा पाया आहे. बेरोजगार ठरायला तीन अटी. पाहणीच्या आठवड्यात कमाईचं काम तासभरही केलेलं नसावं. मिळालं तर रुजू व्हायची तयारी असावी. आणि ते मिळवण्यासाठी हातपाय हलवलेले असावेत. यातली एक अट हुकली तरी तुम्ही बेरोजगार नाही.

आठवडाभर घरी बसलात आणि शनिवारी तासभर भावाच्या भाजीच्या गाडीवर विक्री करून चार पैसे घेतलेत, तर तुम्ही रोजगारात. सहा महिने चपला झिजवून कंटाळलात आणि शोधणंच सोडलंत, तर तुम्ही श्रमशक्तीच्याच बाहेर. दर काढताना तुम्ही ना अंशात, ना छेदात.

नायजेरियाची फूटपट्टी वेगळी होती. तिथे आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम असलेला माणूस बेरोजगार गणला जाई. २०२० च्या अखेरीस त्यांचा दर होता ३३.३ टक्के. मग त्यांनी एका तासाची फूटपट्टी उचलली आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीचा दर जाहीर केला ४.१ टक्के! लागोसमध्ये नोकऱ्यांचा पाऊस पडला नव्हता. मोजणारे बदललेल्या नियमांनी मोजत होते, इतकंच.

२. बेकार राहायलाही ऐपत लागते

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत बेरोजगारी ४ टक्क्यांच्या आसपास होती आणि मेक्सिकोत ३ च्या आसपास. तरीही रिओ ग्रांदे नदी ओलांडून कामासाठी कोण कुठे जातं, हे सांगायला नको. मेक्सिकोत देशव्यापी बेकारी विमाच नाही. नोकरी गेली की दोन दिवसांत माणूस खाण्याच्या गाडीवर, बांधकामावर नाहीतर मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये उभा. निम्म्याहून अधिक कामकरी असंघटित क्षेत्रात आहेत. घरी बसून अर्ज पाठवत राहणं ही तिथे चैन आहे.

कोविडच्या पहिल्या लाटेत तर कहरच झाला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेचा दर उसळून १४.७ टक्क्यांवर गेला. मेक्सिकोचा ५ टक्क्यांच्याही खाली राहिला. पण त्याच महिन्यात मेक्सिकोतली सुमारे १ कोटी २० लाख माणसं श्रमशक्तीतून बाहेर पडली होती. टाळेबंदीत शोधायला जाणार कुठे? शोध नाही, म्हणून बेकारीही नाही.

३. लिम्पोपोच्या दोन तीरांवर

दक्षिण आफ्रिकेचा दर गेली काही वर्षं ३२-३३ टक्क्यांच्या आसपास घुटमळतोय. शोधून थकलेले धरले तर आकडा चाळिशी ओलांडतो. १५ ते २४ वयोगटात तर तो ६० टक्क्यांच्या आसपास. लिम्पोपो नदीपलीकडच्या झिम्बाब्वेत २०१४ च्या सरकारी पाहणीत दर निघाला ११ टक्क्यांच्या आसपास, आणि त्याच काळात राजकीय भाषणांत ८०-९० टक्के असे आकडे फेकले जात होते. कामासाठी नदी ओलांडणारे मात्र झिम्बाब्वेचेच.

प्रश्न असा, की काम नसलेला दक्षिण आफ्रिकी माणूस कोपऱ्यावर टपरी का टाकत नाही? आफ्रिकेच्या बहुतेक देशांत असंघटित क्षेत्रच बहुसंख्यांना पोसतं. इथे त्याचा वाटा फारच तोकडा. याचं मूळ वर्णभेदाच्या राजवटीत आहे. काळ्या माणसाला शहरात वावरायला पास लागे, हे पासचे कायदे गेले १९८६ साली. काळ्या व्यापाऱ्यांवर बंधनं होती आणि वस्त्या मुद्दाम शहरापासून लांब वसवलेल्या होत्या. कायदे गेले, अंतरं राहिली. मिनीबसचं भाडं खिशाला चाट लावतं आणि गिऱ्हाईक असतं तिकडे दूर शहरात. बाजार भरवायची सवयच पिढ्यान्‌पिढ्या मोडून काढली, तर ती सरकार बदलल्याबरोबर परत येत नाही.

४. तीच बाई, तेच शेत, खातं बदललं

आता आपल्या शेजारी. नेपाळच्या २००८ च्या पाहणीत बेरोजगारी होती २.१ टक्के आणि श्रमशक्तीतला सहभाग ८३ टक्के. २०१७-१८ च्या पाहणीत बेरोजगारी ११.४ टक्के आणि सहभाग जेमतेम ३८.५ टक्के. दहा वर्षांत अर्धा देश हात बांधून बसला की काय?

डोंगरउतारावरच्या एखाद्या घरी जाऊन पाहा. पहाटे उठून म्हशीला चारा घालणारी, वाफ्यात कोदो पेरणारी, घरापुरतं धान्य पिकवणारी बाई २००८ मध्ये 'रोजगारात' होती. २०१३ साली जिनिव्हात भरलेल्या कामगार सांख्यिकीतज्ज्ञांच्या १९ व्या परिषदेत ठरलं, की मुख्यतः घरच्या खाण्यासाठी पिकवणं हे काम खरं, पण रोजगार नव्हे. नेपाळने ही नवी व्याख्या लगेच घेतली. बाईची पहाट तशीच राहिली, म्हैस तशीच राहिली. ती स्वतः मात्र श्रमशक्तीच्या यादीतून गळाली. छेद एकदम लहान झाला आणि दर फुगला.

भारताने आपल्या पाहणीत जुनाच हिशेब ठेवला आहे. म्हणून खुली सीमा ओलांडून बिहारमध्ये आलं, की घरच्यापुरता भात पिकवणारा शेतकरी पुन्हा रोजगारात जमा!

आपल्याकडेही अशी एक रेघ आहे आणि ती घरातल्या शिलाई मशीनवरून जाते. बाईने स्वतःच्या मुलीचा फ्रॉक शिवला, तर आपल्या श्रमशक्ती पाहणीत ते घरकाम. ती श्रमशक्तीच्या बाहेर. त्याच मशीनवर शेजारणीचा ब्लाउज पैसे घेऊन शिवला, की ती स्वयंरोजगारात. सरपण गोळा करणं, भाजीपाला वेचून आणणं यालाही हाच न्याय. प्रगणक दारात आल्यावर काय विचारतो आणि घरातलं कोण उत्तर देतं, यावर लाखो बायका या खात्यातून त्या खात्यात जातात.

५. एकाच द्वीपकल्पावरची दोन भावंडं

अर्थतज्ज्ञांची सगळ्यांत लाडकी जोडी म्हणजे स्पेन आणि पोर्तुगाल. दोन्हीकडे हुकूमशाही संपली १९७४-७५ च्या सुमारास. दोघेही १ जानेवारी १९८६ या एकाच दिवशी युरोपीय समुदायात शिरले. दोन्हीकडे नोकरीवरून काढणं महाकठीण. तरी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर स्पेनची बेरोजगारी २४ टक्क्यांच्या आसपास आणि पोर्तुगालची ७ च्या. ऑलिव्हिए ब्लांशार आणि हुआन हिमेनो यांनी १९९५ साली या कोड्यावर निबंधच लिहिला. त्यांना सापडलेला एक मोठा फरक बेकार भत्त्याचा. पोर्तुगालमध्ये तो दीर्घकाळ अगदीच तुटपुंजा होता, त्यामुळे काम गेलेला माणूस मिळेल त्या पगारावर पुन्हा लागे.

दुसरा फरक कंत्राटाचा. स्पेनने १९८४ साली तात्पुरत्या कंत्राटांना मोकळं रान दिलं आणि पुढे दर तीन नोकरदारांतला एक कंत्राटी झाला. तेजीत भरती धडाक्यात, मंदीत कपातही तितक्याच धडाक्यात. २००७ मध्ये दोन्ही देश ८ टक्क्यांच्या आसपास होते, अगदी खांद्याला खांदा. मग स्पेनमधली बांधकामं थांबली, आणि २०१३ च्या सुरुवातीला स्पेन जवळजवळ २७ टक्क्यांवर पोचला. पोर्तुगालही भाजून निघाला, पण १७-१८ च्या आसपास थांबला. २०२१ च्या अखेरीस स्पेनने तात्पुरत्या कंत्राटांना वेसण घातली, त्यामागे हाच कडू अनुभव.

पुढचा किस्सा तर नावापासूनच गमतीचा. २००१ साली ब्लांशार यांनी पोर्तुगालवर आणखी एक निबंध लिहिला. सहलेखकाचं नाव? पेद्रू पोर्तुगाल! पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेतला हा अर्थतज्ज्ञ. दोघांनी दाखवलं, की अमेरिका आणि पोर्तुगाल यांचा सरासरी बेरोजगारी दर जवळपास सारखाच, पण आतली गोष्ट साफ वेगळी. पोर्तुगालमध्ये नोकरी जाण्याचं प्रमाण अमेरिकेच्या तिसऱ्या हिश्शाइतकं; पण एकदा गेली की घरी बसण्याचा काळ तिप्पट. एकीकडे अनेकजण थोडा थोडा वेळ बेकार, दुसरीकडे थोडेच पण दीर्घकाळ. दोन्ही गुणाकारांचं उत्तर एकच.

६. जर्मनीचा गडी कामावरच

२००९ च्या मंदीत जर्मनीची अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून अधिक आक्रसली, फ्रान्सची साधारण ३ टक्क्यांनी. बेरोजगारी कुठे जास्त वाढायला हवी? जर्मनीत. वाढली कुठे? फ्रान्समध्ये, दीड टक्क्याहून अधिक. जर्मनीत ती जेमतेम हलली.

युक्ती अशी, की माणूस काढायचा नाही, तास काढायचे. कारखान्याला काम निम्मं असेल तर सगळ्यांनाच निम्मे तास बोलवायचं आणि बुडालेल्या हाती पगारातला ६० टक्के भाग सरकारी बेकारी विम्यातून द्यायचा. पदरात मूल असेल तर ६७ टक्के. मे २००९ मध्ये सुमारे १५ लाख कामगार अशा अर्धवेळ तत्त्वावर होते. एप्रिल २०२० मध्ये जवळपास ६० लाख. शिवाय अनेक कारखान्यांत तासांची खाती असतात. तेजीत जादा काम केलं की तास जमा होतात आणि मंदीत ते खर्ची पडतात. कसबी फिटर हातचा गेला तर तो पुन्हा मिळणार नाही, हे तिथल्या मालकाला पक्कं ठाऊक असतं.

तरुणांच्या बाबतीतही राइनच्या दोन्ही काठांवर जमीन-अस्मानाचा फरक. २०२३ मध्ये जर्मन तरुणांत बेरोजगारी ६ टक्क्यांच्या आसपास, फ्रेंच तरुणांत १७ च्या. जर्मनीत सोळा-सतरा वर्षांची मुलं तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त व्यवसायांपैकी एकात उमेदवारी पत्करतात. आठवड्याचे काही दिवस शाळा, बाकीचे दिवस कारखाना किंवा दुकान. उमेदवाराला विद्यावेतन मिळतं, म्हणून तो मोजणीत नोकरदारच.

७. नव्या वर्षाची पन्नास लाखांची सलामी

याच जर्मनीला एकेकाळी 'युरोपचा आजारी माणूस' म्हणत. १ जानेवारी २००५ ला तिथे एक सुधारणा लागू झाली. फोक्सवॅगनच्या मनुष्यबळ खात्याचे संचालक पेटर हार्ट्स यांच्या समितीने ती सुचवली होती. सरकारी मदतीवर जगणारे आणि काम करू शकणारे लोक आता बेरोजगारांच्या यादीत आले. त्याच महिन्यात नोंदणीकृत बेरोजगारांचा आकडा पन्नास लाखांच्या पार गेला आणि वर्तमानपत्रांत हाहाकार उडाला. त्यांतले अनेकजण आधीही कामाविना होतेच, फक्त ते वेगळ्या कपाटात ठेवलेले होते.

आणखी एक जर्मन चमत्कार. तिथे आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करणारा माणूस रोजगार कार्यालयाच्या दफ्तरी बेरोजगार राहू शकतो. आंतरराष्ट्रीय व्याख्येने तोच माणूस कामावर. म्हणून जर्मनीचे दोन दर एकाच वेळी फिरत असतात, एक ६ च्या आसपास आणि दुसरा साडेतीनच्या. फ्रान्सशी तुलना करताना कोणता उचललाय, हे आधी बघायचं.

८. घटस्फोट मखमली, वाटण्या खडबडीत

चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले १ जानेवारी १९९३ ला. कायदे तेच, शाळा त्याच, चाळीस वर्षांची साम्यवादी राजवटही तीच. पण वाटणीच्या वेळीच चेक भागात बेरोजगारी ३ टक्क्यांच्या आत होती आणि स्लोव्हाक भागात १० च्या वर. साम्यवादी काळात अवजड उद्योग आणि रणगाड्यांचे कारखाने स्लोव्हाकियात गेले होते. शीतयुद्ध संपलं आणि रणगाड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. चेक बाजूला प्राग होतं, पर्यटक होते आणि जर्मनी-ऑस्ट्रियाची लांबलचक सीमा होती. २००१ मध्ये स्लोव्हाकिया १९ टक्क्यांवर, चेक प्रजासत्ताक ८ च्या आसपास.

मग मोटारींनी डाव फिरवला. ब्रातिस्लाव्हात फोक्सवॅगन होतीच. तिच्या जोडीला त्र्नावात प्यूजो, झिलिनात किया आणि २०१८ मध्ये नित्रात जग्वार लँड रोव्हर, म्हणजेच आपल्या मुंबईच्या टाटा मोटर्सच्या मालकीची कंपनी आली. ५४ लाख वस्तीचा हा देश वर्षाला दहा लाखांच्या आसपास गाड्या बनवतो. दरडोई हिशेबात तो जगात पहिला. २०१९ पर्यंत तिथली बेरोजगारी ६ च्या खाली आली होती. चेक मात्र तेव्हा २ टक्क्यांवर, युरोपीय संघात सर्वांत खाली.

९. जाहिरात वाचलीत? कॅनडात बेकार, अमेरिकेत नाही

कॅनडाचा दर बहुतेक वेळा अमेरिकेपेक्षा वरचा. यातला काही भाग निव्वळ मोजणीचा. नोकरीच्या जाहिराती नुसत्या चाळणारा माणूस कॅनडात 'शोधतोय' म्हणून गणला जातो. अमेरिकेत अर्ज करायला हवा, फोन करायला हवा, कुणाला तरी भेटायला हवं. कॅनडा १५ व्या वर्षापासून मोजतो, अमेरिका १६ व्या. अमेरिकी नियम लावले तर कॅनडाचा दर एका टक्क्याच्या आसपास खाली येतो.

उरलेला भाग थंडीचा आणि भत्त्याचा. अटलांटिक किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांत एके काळी दहा आठवडे काम केलं की बेचाळीस आठवडे भत्ता मिळू शके. न्यूफाउंडलंडचे लोक त्याला थट्टेने 'लॉटरी १०-४२' म्हणत. आजही कॅनडात भत्त्याची पात्रता जिल्ह्यागणिक बदलते. जिथे बेकारी जास्त, तिथे कमी तासांच्या कामावर भत्ता. मात्र २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर चित्र उलटलं आणि अमेरिकाच काही वर्षं वरचढ ठरली. घरकर्जांचा फुगा तिच्या अंगणात फुटला होता.

१०. काम नाही तर मुक्कामही नाही

जगातला सर्वांत कमी दर शोधाल तर बोट कतारवर थांबेल. ०.१ टक्का! तिथल्या श्रमशक्तीत दहातले नऊहून अधिकजण परदेशी आणि त्यांचा निवासाचा परवाना नोकरीला जोडलेला. नोकरी संपली की एकतर दुसरा मालक, नाहीतर विमान. बेकार माणूस कतारमध्ये मोजला जात नाही, कारण तो केरळला, नेपाळला किंवा रत्नागिरीला परतलेला असतो. आखातातून सामानसुमान घेऊन परत आलेला मुलगा ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे आकडेशास्त्र वेगळं शिकवायला नको.

शेजारच्या सौदी अरेबियात स्थानिक नागरिक संख्येने पुष्कळ, आणि त्यांचा दर वेगळा जाहीर होतो. २०१८ मध्ये तो १३ टक्क्यांच्या जवळ होता. सरकारी खुर्चीची वाट पाहणारे पदवीधर आणि कमी पगारावर राबणारे परदेशी, अशी ती दुपाखी बाजारपेठ. त्यानंतर सौदी स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग काही वर्षांत जवळपास दुप्पट झाला आणि नागरिकांमधली बेरोजगारी घटली.

११. फॉर्म भरला त्या महिन्यात बेकार

दक्षिण कोरियात सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करणारी तरुण पिढी अभ्यासिकांत बसून असते. अभ्यास चालू आहे तोवर ती श्रमशक्तीच्या बाहेर. परीक्षेचा अर्ज भरला की 'काम शोधतोय' या रकान्यात उडी. त्यामुळे ज्या महिन्यात अर्ज सुटतात, त्या महिन्यात तरुणांचा बेरोजगारी दर टुणकन वर जातो. पुण्याच्या पेठांत एमपीएससीच्या तारखांकडे डोळे लावून बसलेल्यांना ही लाट ओळखीची वाटेल.

समुद्रापलीकडच्या जपानमध्ये कंपन्या विद्यार्थ्यांना पदवीआधीच निवडून ठेवतात. मार्चमध्ये पदवी, १ एप्रिलला नोकरीचा पहिला दिवस. मधल्या शोधाला जागाच नाही, म्हणून तरुणांमधली बेरोजगारी ४ टक्क्यांच्या आसपास. चीनमध्ये जून २०२३ मध्ये शहरी तरुणांचा दर २१.३ टक्क्यांच्या विक्रमावर गेला. ऑगस्टपासून हा आकडा प्रसिद्धच होईना. जानेवारी २०२४ मध्ये तो परत आला तो विद्यार्थ्यांना वगळून, १४.९ टक्के होऊन.

१२. आजारी हॉलंड, तिरंगी बेल्जियम

ऐंशीच्या दशकात नेदरलँड्समध्ये कारखाने बंद पडले तेव्हा कामगारांना बेकार ठरवण्यापेक्षा अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावर पाठवणं मालक, संघटना आणि कामगार या तिघांनाही सोयीचं वाटलं. नव्वदच्या सुरुवातीला असे सुमारे नऊ लाख लोक झाले. आकडा दहा लाखांवर गेला तर राजीनामा देईन, असं पंतप्रधान रूड लुबर्स यांनी जाहीर करून टाकलं होतं. आता तिथे दुसरी तऱ्हा. दहातले चारजण अर्धवेळ काम करतात, तेही बहुतेक खुशीने.

बेल्जियममध्ये सीमा देशाच्या पोटातच आहे. डच बोलणाऱ्या फ्लँडर्समध्ये बेरोजगारी ४ टक्क्यांच्या आत-बाहेर, फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियात ८ च्या आसपास, आणि राजधानी ब्रसेल्समध्ये ११-१२. ब्रसेल्सचा फ्रेंचभाषक तरुण गाडीने अर्ध्या तासावर नोकरी असूनही डच येत नाही म्हणून अडतो.

लक्झेंबर्गची गंमत वेगळी. तिथल्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रोज सकाळी फ्रान्स, जर्मनी, बेल्जियममधून येतात आणि संध्याकाळी परततात. बेरोजगारी मोजतात ती राहत्या घरी. म्हणजे लक्झेंबर्गमधली नोकरी गेली, तर बेकार वाढतो फ्रान्सच्या यादीत!

१३. केळी सोलणारे स्वीडिश

स्वीडनमध्ये तरुणांतली बेरोजगारी २० टक्क्यांच्या पुढे, नॉर्वेत त्याच्या जवळपास निम्मी. ऑक्टोबर २००७ पासून स्वीडन पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाही, ते काम शोधत असतील तर, बेरोजगारांत धरतो. दुपारच्या वर्गानंतर कॅफेत शिफ्ट शोधणारी मुलगीही त्यात आली. बाकीचा फरक नॉर्वेच्या तेलाचा. तिथले पगार इतके चढे, की स्वीडिश तरुण ऑस्लो गाठून कॅफेत, मासळीच्या कारखान्यात कामाला लागले. नॉर्वेवाल्यांसाठी स्वीडिश पोरं केळी सोलतात, हा तिकडचा गाजलेला विनोद.

१४. आणि आपल्या अंगणात

२०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत भारताचा दर ३.२ टक्के. गोव्याचा दर मात्र महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, आणि केरळचा तमिळनाडूच्या जवळजवळ दुप्पट. गोवा आणि केरळ गरीब म्हणून नव्हे. शिकलेली, बरी परिस्थिती असलेली घरं मनासारखी नोकरी मिळेपर्यंत थांबू शकतात म्हणून. गोव्यात तर सरकारी भरती, बोटीवरची नोकरी किंवा पोर्तुगीज पासपोर्ट यांची वाट पाहणं हा एक टप्पाच असतो. २०२२-२३ च्या पाहणीत देशभरातल्या पदवीधरांत बेरोजगारी सुमारे १३ टक्के होती आणि निरक्षरांत १ टक्क्याहूनही कमी.

मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ दांतवाला यांच्या समितीने १९७० सालीच बजावलं होतं, की भारतासारख्या देशात बेरोजगारी एका आकड्यात मावत नाही. म्हणूनच आपल्याकडे वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीचा दर वेगळा आणि चालू आठवड्याचा वेगळा. पहिल्यात वर्षातून महिनाभराचं जोडकामही माणसाला रोजगारात जमा करतं. दुसऱ्यात गेल्या सात दिवसांतला एक तास पुरतो.

जाता जाता, झटपट

• ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकापासून भत्ता घेणाऱ्यांच्या मोजणीत तीसेक बदल झाले. बहुतेक वेळा आकडा खालीच गेला.

• २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कार्यालयात नोंदलेल्यांचा दर होता २ टक्क्यांच्या आसपास, पाहणीतला ४ च्या. देश एकच.

• २०१३ मध्ये स्पेनच्या तरुणांतली बेरोजगारी होती ५५ टक्के. पण काम करणाऱ्या आणि शोधणाऱ्या तरुणांतले ते ५५ टक्के. शिकणारे धरून सगळे तरुण मोजले तर पाचातला एक.

• भूतानमध्ये २०२२ साली एकूण दर ५.९ टक्के, तरुणांचा २८ टक्क्यांहून अधिक. तिथले अनेक तरुण तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या रांगेत होते.

पुढच्या वेळी कुणी दोन शेजारी देशांचे आकडे तोंडावर फेकून 'बघा, ते किती पुढे' किंवा 'ते किती बुडाले' असं म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, की काम करण्याच्या वयातल्या शंभरातले किती प्रत्यक्ष कामावर आहेत, आणि त्यांतल्या कितींना पगाराची तारीख आहे? हे दोन आकडे शेजारी मांडले, की बेरोजगारीच्या दराचा निम्मा रुबाब तिथेच उतरतो.